चादरीच्या कागदावरचा चंद्र

आधीच सांगून टाकतो, मी लेखक नाही. आयुष्यभर मुलांच्या प्रयोगवह्या तपासल्या, रजेचे अर्ज लिहिले, नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांवर पत्ते घातले. यापलीकडे माझ्या हातून कागदावर फारसं काही उतरलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुस्तक ही मोठ्या माणसांनी लिहायची आणि आपण हात धुऊन, जपून उघडायची वस्तू आहे, ही लहानपणची समजूत अजून माझ्या अंगातून गेलेली नाही. तरीही हे लिहायला बसलो, कारण यातली तीन माणसं आता नाहीत आणि त्यांच्याविषयी लिहील असं दुसरं कुणी उरलेलं नाही. काही कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

निमित्त माझ्या नातीचं झालं. गेल्या दिवाळीत तिने शाळेचा भौतिकशास्त्राचा गृहपाठ मला दाखवला. पडद्यावर मधोमध पृथ्वी आणि तिच्याभोवती फिरणारा चंद्र. बोटाने चंद्राचा वेग कमी केला की तो आत ओढला जाई, वाढवला की दूर निघून जाई. बाईंनी उत्तर सांगितलं नव्हतं. मुलांनीच वेग बदलून पाहायचे, काय होतं ते लिहायचं आणि त्यामागचा नियम आपला आपण शोधायचा. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं ना?" मी म्हणालो, "होतं की. फक्त आमचा कॉम्प्युटर चोवीस पोरांचा होता, आणि त्यातली निम्मी पोरं पाढ्यांत कच्ची होती." तिला ती थट्टा वाटली.

आम्ही सोलापूरला शुक्रवार पेठेत राहायचो. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत अप्पांचं, म्हणजे वडिलांचं मशीन, मागच्या खोलीत अव्वाची, म्हणजे आईची चूल, आणि मधल्या उंबऱ्यावर बसून माझा अभ्यास. घरी आम्ही कानडी बोलायचो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मराठी. अप्पा चादरींच्या नक्षीची कार्डं पाडायचे. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चादरीवर मोर काढायचा असेल तर तो आधी चौकटीच्या कागदावर काढतात. कागदावरचं एक घर म्हणजे कापडातल्या उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. मग त्या कागदाची एकेक ओळ वाचून पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकं पाडायची. एक ओळ, एक कार्ड. सगळी कार्डं क्रमाने दोऱ्यात ओवून मागावर चढवली की जिथे भोक असेल तिथला धागा उचलला जातो आणि नसेल तिथला खाली राहतो. एका चादरीला शेकडो कार्डं लागत. एक भोक चुकलं तर मोराचा डोळा जाई, आणि तो प्रत्येक चादरीवर जाई.

अप्पांच्या मशीनला हाताच्या बोटांसाठी खुंट्या होत्या आणि पायाखाली पायटा. कागदाकडे बघत बोटं खुंट्यांवर ठेवायची आणि पाय दाबायचा. खट्, आणि पुन्हा खट्. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आत तो आवाज सुरू होई आणि मी त्याच्याच तालावर पाढे पाठ केलेत. भोकांतून पडलेल्या पुठ्ठ्याच्या गोल टिकल्या घरभर होत. गादीत, अंगरख्याच्या खिशात, अव्वाच्या केसांत. अव्वा रोज दोनदा केर काढी आणि जेवायला वाढताना बजावून ठेवी, "भाकरीत टिकली निघाली तर मला बोलायचं न्हाई. ज्यानं पाडली त्याला विचारा." एकदा ती खरंच शेंगांच्या चटणीत निघाली. अप्पांनी ती शांतपणे ताटाच्या कडेला ठेवली आणि म्हणाले, "मोराच्या पिसाऱ्यातली हाय. चवीला बरी."

मॅट्रिक झालं की मी त्याच मशीनवर बसणार हे घरात ठरल्यासारखंच होतं. कुणी तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण माझा हात नक्षीला बरा आहे असं अप्पा शेजाऱ्यांना सांगायचे, आणि ते ऐकून मला बरंही वाटायचं. सुट्टीत मी त्यांच्या चौकटीच्या कागदावर घरं भरून द्यायचो. पेन्सिल धरायला शिकलो तो त्याच कागदावर.

शाळेत आम्हाला भौतिकशास्त्र शिकवायला माने सर आले. मोडनिंबचे. वडील शेतकरी, सरही स्वतःच्या घरातले पहिलेच शिकलेले. वर्गात ते पुस्तकी मराठीत सुरुवात करत आणि रंगात आले की मोडनिंबच्या बोलीवर येत. त्यांची एक सवय होती. कुणी उत्तर दिलं की ते बरोबर आहे की चूक हे सांगतच नसत. डोळे बारीक करून विचारत, "कशावरून?" पुस्तकात आहे म्हणून सांगितलं तर म्हणत, "पुस्तकवाल्याला कुणी सांगितलं? तू सांग की." पहिले काही महिने आम्हाला वाटे की सरांनाच उत्तर येत नसावं. पोरांनी त्यांचं नाव 'कशावरून सर' पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

त्या उन्हाळ्यात ते शिक्षकांच्या एका शिबिरासाठी पुण्याला जाऊन आले आणि परतले ते झपाटल्यासारखे. शिबिरात त्यांना एक कॉम्प्युटर दाखवला होता. ते सांगू लागले, "खोलीएवढं यंत्र हाय. थंडगार खोली, काचेच्या आड. त्याला भोकं पाडलेली कार्डं द्यायची. भोक म्हणजे हो, भोक नाही म्हणजे नाही. त्यानं चंद्राची वाट काढून दाखवली. चंद्र आता हितं हाय, पृथ्वी त्याला एवढी ओढती, मग थोड्या वेळानं तो कुठं असंल? तितून पुन्हा थोड्या वेळानं? नुसती बेरीज-गुणाकार, पण लई झटझट. आणि बघता बघता वाट तयार."

मी वर्गात तोंड उघडणारा मुलगा नव्हतो. पण कार्डांचं ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तसली कार्डं आमचे अप्पा पाडतात."

वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारा अंबादास, तेलुगू विणकरांच्या घरातला, त्याच्या घरी तीन माग होते, तोही हसला आणि म्हणाला, "सर, मग आमच्या घरात तीन कॉम्प्युटर हायत." सर हसले नाहीत. येत्या रविवारी मी तुमच्या घरी येतो, म्हणाले.

आमच्या घरी शिक्षक येणं म्हणजे काय, हे आज सांगून कळणार नाही. अव्वाने दोन दिवस आधीपासून भांडी घासायला काढली. सर आले तेव्हा ती दारातच "बर्री, कूड्री" म्हणाली आणि मग मराठी आठवून "या, बसा की" म्हणाली. अप्पा मशीनवरून उठून उभेच राहिले. सर खाली जमिनीवर बसले, कार्डांची ओवलेली माळ हातात घेतली आणि प्रत्येक भोक बोटाने चाचपत राहिले. शेवटी अप्पांना म्हणाले, "मालक, पुण्यात मला काचेच्या आडून हात लावू दिला न्हाय. हितं मांडीवर घेऊन बसलोय." अप्पा संकोचले. "आमचं कुठं तसलं काय सर. आमी आपलं मोर पाडतो." मग सरांनी विचारलं, कार्ड चुकलं तर कळतं कसं. आणि अप्पा, जे पाहुण्यांसमोर चार शब्द बोलत नसत, अर्धा तास बोलले. नमुन्याचा तुकडा विणून बघायचा, कुठे धागा चुकलाय ते बघून कोणतं कार्ड ते ओळखायचं, मग भोक बुजवून नवं पाडायचं. सर मध्ये मध्ये "कशावरून?" विचारत होते आणि अप्पा न चिडता सांगत होते. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. सरांनी भाकरी मोडली तर ती कडाडली. "आमच्या मोडनिंबला भाकरी मऊ असती बाई. हा तर पापड झाला." अव्वा म्हणाली, "मऊ भाकरी चार दिवसांत बुरसती सर. ही महिनाभर तुमच्यावाणी ताठ राहती."

त्यानंतर सरांनी ठरवलं की यंत्र नसलं तर नसलं, आपण चोवीस जण आहोत, आपणच यंत्र व्हायचं. बाकांच्या पाच रांगा केल्या. पहिल्या रांगेने चंद्र पृथ्वीपासून किती लांब आहे ते काढायचं. दुसरीने तेवढ्या अंतरावर ओढ किती ते. तिसरीने त्या ओढीचा आडवा आणि उभा भाग. चौथीने चंद्राचा नवा वेग. पाचवीने त्याची नवी जागा. प्रत्येक रांग आपला आकडा चिठ्ठीवर लिहून मागे देई, आणि शेवटची चिठ्ठी माझ्याकडे येई, कारण कागदावर ठिपका मांडायचं काम माझं होतं. ठिपका मांडला की ती जागा पुन्हा पहिल्या रांगेला सांगायची आणि चक्र परत सुरू. लॉगची पुस्तकं होती, पाट्या होत्या. पृथ्वीपासून चंद्र चाळीस घरांवर ठेवायचा आणि पुस्तकातल्या सूत्राने येतो तेवढाच वेग त्याला द्यायचा, असं ठरलं. सूत्र खरं असेल तर चंद्राने गोल फिरून जागेवर आलं पाहिजे. खरं आहे की नाही ते सर सांगणार नव्हते.

मोठा कागद हवा होता. मी पुढे होऊन म्हणालो, कागद आमच्या घरून आणतो. अप्पांनी त्यांच्या साठ्यातला चांगला कोरा चौकटीचा कागद गुंडाळी करून दिला. त्या दिवशी शाळेत जाताना ती गुंडाळी मी पताकेसारखी धरली होती.

हेडसरांना हे सगळं पसंत नव्हतं, आणि आता विचार करता त्यांचंही काही चुकत नव्हतं. मॅट्रिकचं वर्ष, धडे मागे पडलेले, पालक विचारत होते. त्यांनी वर्गात येऊन सगळ्यांसमोर सरांना सांगितलं, "माने सर, तुम्हाला तीन आठवडे देतो. तोपर्यंत तुमचा चंद्र गोल फिरला तर ठीक. नाही फिरला तर हे बंद, वर्षअखेरपर्यंत पुस्तक, आणि तेही दुसऱ्या शिक्षकांकडून." सर नुसते "बरं" म्हणाले. हेडसर गेल्यावर आम्हा सगळ्यांना एकाच वेळी कळलं की आमचे सर आमच्याकडून काढून घेतले जाणार की नाही, हे आमच्या बेरजांवर आहे.

त्या तीन आठवड्यांइतकं मन लावून मी पुढे कधी शिकलो नाही. शाळा सुटली की आम्ही थांबायचो. पहिला ठिपका मांडायला जवळपास एक तास गेला. मग हात बसत गेला. एखादी रांग अडली की मागचे ओरडत, "कार्ड अडकलं." कुणाचा आकडा चुकला की तो त्या दिवसाचा 'मोराचा डोळा'. हे शब्द माझ्या घरातून वर्गात गेले होते याचं मला मनातून फार कौतुक वाटे. एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नाही. प्रत्येकाला फक्त आपला आकडा माहीत होता. पुढच्याने काय केलं, मागचा काय करतोय, विचारायला कुणाला सवड नव्हती.

शेवटच्या आठवड्यातल्या गुरुवारी चंद्र फिरून मूळ जागेजवळ आला. मी ठिपके जोडले. कागद फळ्यावर लावला.

चंद्राची वाट गोल नव्हती. दोन्ही बाजूंनी ताणलेली, वरखालून दबलेली, तव्यावर निसटलेल्या भाकरीसारखी लांबट होती.

नेमके तेव्हाच हेडसर दारातून जात होते. ते आत आले, फळ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "माने सर, चंद्र चेपलाय की तुमचा." पोरं हसली नाहीत. हेडसरांनाच ते जरा लागलं असावं, कारण जाताना आवाज खाली करून म्हणाले, "सोमवारपासून वेळापत्रक बदलतो."

सर खुर्चीत बसले नाहीत. कागदापुढे उभे राहून आम्हालाच विचारलं, "असं का झालं असंल?" कुणी म्हणालं, सूत्र चुकीचं. कुणी म्हणालं, आडवी ओढ कमी लागत असेल. सरांचं आपलं प्रत्येकाला "कशावरून?" आम्ही चिठ्ठ्या काढून पुन्हा आकडे तपासले. तीन चुका सापडल्या, बारीक बारीक. त्या दुरुस्त करून ठिपके हलवले तरी वाट लांबटच. अंबादास पहिल्या रांगेत होता, तो नेहमी बडबड्या, पण त्या दिवशी खाली मान घालून बसला होता. संध्याकाळ झाली तसे सर म्हणाले, "उद्याचा दिवस हाय अजून. घरी जावा." मी कागद उतरवून गुंडाळला. गुंडाळी नेताना ती पताका राहिलेली नव्हती.

घरी आलो तेव्हा अप्पा हात धुऊन चहाला बसले होते. मी कोपऱ्यात जाऊन बसलो. अव्वाने विचारलं, पोट दुखतंय का. मग मी सगळं सांगितलं, चंद्र, हेडसर, सोमवार. अप्पा म्हणाले, "बघू दे कागद."

मी तो जमिनीवर पसरला. अप्पांनी कप बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर वाकून बघितलं. बघितलं म्हणजे डोळ्यांनी नाही, बोटाने. त्यांची तर्जनी मधल्या ठिपक्यावरून आडवी सरकत गेली, ओठ हलत होते. मग मधल्या ठिपक्यावरून वर. मग तिरकी, थोडं थांबत, मनात काही जुळवत.

"गोल तर हाय की," ते म्हणाले.

मी म्हणालो, अप्पा, दिसतोय ना लांबट.

"एणसु," अप्पा म्हणाले. कानडीत मोज. "डोळ्यानं काय बघतोस? घरं मोज. आडवी चाळीस. उभी बी चाळीस. मग?"

मी मोजली. चाळीस आणि चाळीस.

"हा आठ-दहाचा कागद हाय मल्लू. तुला काय नवा हाय? ह्या जाड रेघांच्या चौकोनात आडवी घरं आठ, उभी दहा. कापडात उभे धागे विरळ अन् आडवे दाट बसतात, म्हणून कागद बी तसाच छापतात, न्हायतर मोर काढायला जावा अन् बदक विणून येतंय. आडवी चाळीस घरं म्हणजे पाच चौकोन, उभी चाळीस म्हणजे चारच. मग चेपलेलाच दिसणार की तुझा चंद्र. सरांनी साधा कागद आणायला सांगितला असंल. तू हा का नेलास?"

का नेलास? अजूनही मला या प्रश्नाचं एकच उत्तर आहे. मला दुसरा कागद माहीतच नव्हता. ज्या कागदावर पेन्सिल धरायला शिकलो, त्याची घरं चौरस नाहीत हे मला कधी दिसलंच नव्हतं. आणि वर्गातली निम्मी पोरं मागाच्या घरातली, त्यांनाही तो कागद घरच्यासारखा. चोवीस पोरं आणि एक मास्तर तीन आठवडे त्याच्याकडे बघत होते. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक पहिल्या दिवशी सापडली असती. सोलापुरात ती कुणालाच सापडली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी भीती वाटली. कारण आता हे शाळेत सांगायचं होतं, आणि सांगायचं म्हणजे चूक माझ्या घरच्या कागदाची होती हेही सांगायचं. मी अप्पांना म्हणालो, तुम्ही चला. अप्पा नको म्हणाले. शाळेत ते कधीच आले नव्हते. "मला तितं कोण वळखतंय? तू गेलास म्हणजे मी गेलोच की. मोजून दाखव. मोजलं की भ्यायचं काय कारण न्हाय."

सकाळी पहिल्याच तासाला मी हात वर केला. काय बोललो ते धड आठवत नाही, पण "सर, कागद आमचा आहे आणि तो चौरस नाही" असं काहीतरी बोललो आणि फळ्यापाशी जाऊन घरं मोजू लागलो, मोठ्याने, एकपासून. तेवीस-चोवीसपर्यंत आलो तेव्हा मागून अंबादास उभा राहिला.

"सर, मला काय तरी सांगायचंय. मी पहिल्या रांगेत अंतर काढतो ना. माझं दरवेळी चाळीसच येत होतं. कधी एकोणचाळीस आणि काय तरी, कधी चाळीस आणि काय तरी. मला वाटलं मीच चुकतोय. चंद्र एवढा हिकडं तिकडं फिरतोय आणि माझा आकडा हलंना. म्हणून गप्प बसलो."

सर पट्टी घेऊन फळ्यापाशी आले, एक घर आडवं मोजलं, तेच उभं मोजलं, आणि आमच्या बाकावर येऊन बसले. सर बाकावर बसलेले आम्ही पहिल्यांदाच पाहिले. हसू आवरेना त्यांना. "तीन आठवडे मी बी बघतोय रे ह्या कागदाकडं," ते म्हणाले. "सगळ्यांना कशावरून विचारलं. कागदाला विचारायचं राहिलं." मग मला विचारलं, "कुणाला दिसलं हे?"

मी म्हणालो, अप्पांना.

"बघून?"

"नाही सर. मोजून."

हेडसरांना बोलावणं गेलं. ते आले, ऐकून घेतलं आणि स्वतः घरं मोजली. एकदा मोजून झाल्यावर चष्मा पुसून पुन्हा मोजली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण सगळे धडे पूर्ण झाले पाहिजेत." आणि दारापर्यंत जाऊन वळून म्हणाले, "वेग थोडा कमी ठेवला असता तर काय झालं असतं?" सर म्हणाले, "सर, ते आता पोरं सांगतील." सोमवारी वेळापत्रक बदललं नाही. आठवड्यातून एक दिवस आमचं यंत्र चालू राहिलं. वेग कमी केला, वाढवला, एकदा तर अंबादासने चंद्र सरळ खाली सोडून बघितला आणि पृथ्वीपाशी पोचल्यावर आमचे आकडे इतके वेडेवाकडे झाले की दोन तास त्याच्यावरच भांडण झालं. ते सगळं अप्पांच्याच कागदावर. दुसरा आणायचा नाही असं वर्गाने ठरवलं होतं. फक्त प्रत्येक वेळी मोजायचं.

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा अप्पांनी मशीनवरून न उठता मला विचारलं, "पुढं किती वर्षं असतंय हे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "शिक." एवढंच. मशीनवर बसण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. मी कोल्हापूरला कॉलेजला गेलो, मग नोकरी, शिक्षकाचीच. वर्गात मीही "कशावरून?" विचारत आलो आणि माझंही तेच नाव पडलं. मी कोल्हापूरला गेलो त्याच वर्षी सर मोहोळच्या शाळेत गेले होते. त्यांना पत्र लिहायचं मी दर वर्षी ठरवलं. एवढ्या मोठ्या माणसाला आपण काय लिहायचं, शुद्धलेखन चुकलं तर, या संकोचात ते राहून गेलं. अप्पा गेले, नंतर अव्वा गेली. पुढच्या खोलीतलं मशीन एका ओळखीच्या कारखान्याला देऊन टाकलं. आज या गोष्टींचं वाईट वाटतं, पण त्याहून अधिक हे वाटतं की मला काय काय मिळालं, आणि ते देणाऱ्यांनी कधी दिल्यासारखं केलं नाही.

गेल्या महिन्यात मला मोहोळहून फोन आला. सरांच्या मुलीचा. सर पिकल्या वयात, झोपेत गेले होते. माझा नंबर तिला अंबादासकडून मिळाला. त्यांच्या अंथरुणावर नेहमी असायची ती एक जुनी चादर तिने घडी घालून ठेवली होती आणि ती कुणाला द्यावी हे तिला कळत नव्हतं. साधी पांढरी, मधोमध निळ्या ठिपक्यांचं एक मोठं वर्तुळ आणि वर्तुळाच्या मध्यावर एकच ठिपका. बाकी काही नक्षी नाही. ती म्हणाली, "बाबा सांगायचे, सोलापूर सोडताना तुमच्या वडिलांनी आणून दिली. कारखान्यात नमुन्याचा तुकडा म्हणून विणून घेतली होती. पोराला सांगू नका म्हणाले होते. त्याला वाटेल, अप्पा काम सोडून खेळत बसले."

त्या कागदावरचे ठिपके तसेच कार्डांवर घेतले असते तर कापडावरही चंद्र चेपलेलाच आला असता. ठिपका न् ठिपका अप्पांनी पुन्हा मांडला असणार, जिथे उभी चार घरं तिथे पाच करत, प्रत्येक ओळ नव्याने वाचत. मी कोल्हापूरला वसतिगृहात असताना, त्या पुढच्या खोलीत. खट्, आणि पुन्हा खट्.

मी तिला विचारलं, घरात पट्टी आहे का, ते वर्तुळ आडवं-उभं मोजता येईल का. माझं हे विचारणं तिला विचित्र वाटलं असेल, पण ती सरांची मुलगी. का म्हणून विचारलं नाही. फोन खाली ठेवून ती गेली आणि परत आली.

"आडवं वीस इंच," ती म्हणाली. "उभं मोजते थांबा." मग चादर ओढल्याचा आवाज आला. "उभं वीसला थोडं कमी. धुऊन धुऊन आटलंय तेवढंच."